हमीदा, तुह्या घामावर मी हसली

हमीदा, सोमवारी सकाळी तुह्या नंबरवरून फोन आला तवा मी पोळ्या लाटून राह्यलती. तुहं नाव पाहून मले पहिले रागच आला. यवतमाळचा लसीचा कॅम्प झाल्यापासून रोज सकाळी तुहा हाच टाइम. "सिस्टर, हात अजून दुखते." "सिस्टर, आंघोळ करू का?" "सिस्टर, टोचलं तिथं गाठ लागून राह्यली, काही होणार तं नाही ना?" म्हणून म्या फोन कानाले लावला अन् हॅलो-बिलो न करता म्हटलं, "बोल व बाई, आज काय झालं तुह्या हाताले?"

तिकडून तू नाही बोलली. तुहा सलीम बोलला. "मावशी, अम्मी नाही राह्यली."

अन् म्या काय म्हटलं माहीत आहे? म्या म्हटलं, "फोन दे तिले."

त्यानं परत सांगतलं. म्या परत तेच म्हटलं, अन् वरून दटावलं, "पहिले फोन दे तिले, मी बोलते तिच्याशी." तो पोरगा तिकडं रडून राह्यला अन् मी इकडं त्याच्यावर चिडून राह्यली. तव्यावरची पोळी जळून काळी झाली. तेहतीस वर्षं सरकारी नोकरीत सिस्टर आहे मी. मयतीची खबर घरच्याइले कशी द्याची, हे नव्या पोरीइले मी शिकवते. मले कोणी दिली तं मले घेता नाही आली.

तुह्या घरापर्यंत चालत आली का धावत, आठवत नाही. सात मिनिटाचा रस्ता, पण तो आठवतच नाही. खाली तुह्या नवऱ्याचं, रऊफभाईचं गाद्या भरायचं दुकान अर्धं उघडं होतं, कापूस तसाच पसरलेला. वर तू पलंगावर होती. कोणीतरी तुही हनुवटी ओढणीनं बांधलती. मले पहिले वाटलं, हिची दाढ दुखून राह्यली काय. म्या खाली बसून सगळ्याइच्या समोर तुही नाडी पाह्यली. डाव्या हाताची पाह्यली, मंग उजव्या हाताची पाह्यली. सलीम म्हणे, "मावशी, डॉक्टर येऊन गेले." म्या म्हटलं, "थांब जरा, बोलू नको, मोजून राह्यली मी." मी मोजत राह्यली.

मंग तुही डावी करंगळी दिसली. नखावर म्या केलेली शाईची खूण. पुसट झालती, पण होती. नाडी नाही सापडली त्यानं नाही, ती खूण पाहून मले समजलं का तू मेली.

आज नऊ दिवस झाले. सलीम म्हणे, मावशी, अम्मीवर काही लिवून द्या, घरात ठेवू. मले लिवायचं म्हटलं का मासिक अहवालाची भाषा येते, 'उपरोक्त विषयास अनुसरून'. तुह्याशी मी त्या भाषेत कधी बोलली नाही, तं आता कायले बोलू? तू कधी जन्मली, किती शिकली, हे बी लिवत नाही. ते तुह्या आधार कार्डावर आहे, अन् तिथं बी तुही जन्मतारीख चुकीचीच आहे.

मी बाभुळगावले बदलून आली तवा चोवीस वर्षाची होती. माहेर पुसदकडचं, इथं ओळखीचं कुत्रं बी नाही. तुमच्या मोहल्ल्यात शिरली का दारं लागत. 'सुईवाली आली' म्हणून लेकरं पलंगाखाली घुसत. तू अंगणवाडीची सेविका. पहिल्याच दिवशी मले म्हणे, "सिस्टर, तुम्ही मांगं राहा. तो डबा दिसू देऊ नका. मी पुढं होते." तू दार वाजवे, सलाम करे अन् भलतंच बोलणं काढे. भाजी काय केली, सासूचे गुडघे कसे आहेत, जावई आला का. दहा मिनिटानं लेकरू तुह्या मांडीवर अन् मी सुई भरून तयार. पोलिओच्या रविवारी अर्धा दिवस आपला बूथ मदरशाच्या ओसरीत राहे अन् अर्धा दिवस आमच्या विहारात. तू लेकराचं तोंड दाबून उघडे, मी दोन थेंब सोडो, अन् करंगळीवर शाईनं खूण करायचं काम तुहंच. एकदा एका घरी लेकराले सुईनंतर ताप चढला, तवा त्याचा बाप काठी घेऊन दवाखान्यात आलता. तू त्याच्या घरी जाऊन बसली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते लेकरू मांडीवर घेऊन कपाळावर पट्ट्या ठेवल्या, अन् ताप उतरल्यावरच उठली. त्या दिवशी तू नसती तं म्या नोकरी सोडून पुसदची गाडी धरली असती. हे तुले म्या कधी सांगतलं नाही. तुले माहीत असंन म्हणून नाही सांगतलं.

अन् गंमत म्हणजे तू स्वतः सुईले भेवायची! हे फक्त मले माहीत. लेकरू धरे तू, पण सुई टोचायच्या वक्ताले तोंड भिंतीकडं फिरवे. कोरोनाच्या लसीले तू माह्या साडीचा पदर दातात धरला, घामानं ओली झाली, बीपी असा चढला का डॉक्टर घाबरले. पाऊण तास बसवून ठेवलं तुले. अन् दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यात सांगत फिरली, "मुंगी चावते ना, तेवढं बी नाही."

त्याच्यावरूनच तं आपलं भांडण होतं. मी म्हणो, "लेकराले खरं सांग व. उलीसं दुखते, मंग जाते, असं सांग. 'नाही दुखत' म्हणून फसवशीन तं पुढच्या खेपेले तुह्यावर इस्वास ठेवणार नाही ते." तू म्हणे, "सिस्टर, खरं सांगतलं तं हात पुढं कोण करते?" तीस वर्षं चाललं हे. ना तू हटली, ना मी. शेवटचं भांडलो ते बी याच्यावरूनच, आठवते का? यवतमाळहून परत येताना, एसटीत.

तुमचा दोघाइचा हजचा नंबर यंदा लागला. दोन साल हुकला होता. तू दवाखान्यात लसीच्या फ्रिजसमोर उभी राहून मले सांगतलं, अन् सांगता सांगता रडली, अन् रडता रडता इचारलं, "सिस्टर, हजच्या आधी सुई घ्या लागते म्हणे, खरं काय?" म्या म्हटलं, "खरं. मेंदूज्वराची. घेतल्याशिवाय विमानात बसू देत नाही." तू म्हणे, "या अल्ला! तिथं पाप धुवाले जाऊन राह्यली, अन् त्याची शिक्षा इथूनच सुरू!" आपण किती हसलो त्या दिवशी. म्या तुले शब्द देल्ला, का तुले दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नाही, मीच देईन. मले कॅम्पची ड्युटी लागली तवा तू पेढे घेऊन आली. जशी काही माही बढती झाली.

आता तो कॅम्पचा मंगळवार.

यवतमाळच्या त्या हॉलमध्ये जिल्ह्याभरचे हाजी आलते. माणसाइची लाईन एकीकडं, बायाइची एकीकडं. पहिल्या टेबलवर कागद, दुसऱ्यावर डॉक्टर, बीपी पाहून सही करत, अन् तिसरं टेबल माहं. पोलिओचे थेंब बी होते. साठी-सत्तरीचे बुढे माणसं लाइनीत उभे राहून चिमणीवानी तोंडं उघडत, अन् एकमेकाइले पाहून हसत. काय मजा चालली होती! तुहा नंबर लागला तवा म्या मोठ्यानं म्हटलं, "तोंड उघड, बाळा." तू उघडलं. अन् मंग हात पुढं केला, म्हणे, "खूण कर. तीस साल दुसऱ्याच्या बोटाले केली म्या." म्या शाईचा पेन काढून तुह्या करंगळीवर खूण केली. सगळ्या बाया हसल्या. तू बी हसली.

मंग डॉक्टरनं तुहा बीपी पाह्यला. जास्त निघाला. पोरगेलासाच डॉक्टर होता, पण हुशार. त्यानं परत पट्टा बांधला, परत पाह्यला. तुह्या कपाळावर घाम होता. ओठावर होता. पंखा डोक्यावर फिरून राह्यलता. तो म्हणे, "काकू, छातीत काही होते का? दम लागते?" तू त्याले उत्तर नाही देल्लं. तू माह्याकडं पाह्यलं.

तो म्हणे, "असं करा, रस्त्याच्या पलीकडं जाऊन एक इसीजी काढून आणा. मंग सही करतो."

अन् मी माह्या टेबलवरून, हातात सुई धरून, हसत हसत बोलली, "अवो सर, तिले काही नाही झालं! ती सुईले भेते. तीस वर्षापासून ओळखते मी तिले. कोरोनाच्या वेळी बी अशीच ओली झालती. दहा मिनिट बसवा, उतरते आपोआप."

बायाइची सगळी लाईन हसली. डॉक्टर बी हसला. तो मले ओळखत होता, माह्या शब्दाले मान होता तिथं. "सिस्टर म्हणतात तं बसा काकू दहा मिनिट," म्हणे. तू जाऊन बाकावर बसली. रऊफभाई त्याइच्या लाइनीतून मोकळे होऊन तुह्याजवळ येऊन बसले. म्या त्याइले बी दुरून हात करून सांगतलं, "पाहा हो, सुईले भेऊन राह्यली तुमची हाजन!" त्याच्या जरा आधी तू उठल्यासारखी दिसली होती, मंग बसली. दहा मिनिटानं बीपी थोडा उतरला. डॉक्टरनं सही केली. मी तुह्या दंडाले सुई देली. अन् तू तोंड नाही फिरवलं. हे मले आज आठवून राह्यलं, हमीदा. पहिल्यांदा तू तोंड नाही फिरवलं. सुईकडं तुहं लक्षच नव्हतं.

म्या इचारलं, "दुखलं का?" तू म्हणे, "काही नाही दुखत."

परत येताना एसटीत म्या तुले त्याच्यावरूनच चिडवलं. म्हटलं, "पाह्य, आता मले बी फसवते काय लेकरावानी?" तू खिडकीकडं तोंड करून बसलती. म्हणे, "सिस्टर, कधी कधी नाही म्हणाच लागते." मी वाद घातला. आपलं स्टँड येईपर्यंत घातला.

तुह्या मयतीच्या दिवशी दुपारी बाया तुले आंघोळ घालाले घेऊन गेल्या, तवा मी बाहेर बसली. पायात एक चप्पल माही अन् एक माह्या सुनेची, ते मले तिथं बसल्यावर दिसलं. जिन्याखाली दोन-तीन माणसं बोलून राह्यले होते. एक जण म्हणे, "मंगळवारी सुई घेतली अन् सोमवारी गेली. सहाच दिवसात. काही तं असंन ना त्या सुईत." ती सुई म्या देलती. नंबर, बॅच, कंपनी, टाइम, सगळं रजिस्टरात माह्या अक्षरात. मले ठाऊक होतं का सुईनं असं होत नाही. तरी मी खाली मान घालून बसली. तुहा सलीम कफनाचं कापड हातात घेऊन वर येऊन राह्यलता, तो तिथंच थांबला. म्हणे, "चाचा, माही अम्मी याच मोहल्ल्यात तीस साल घरोघर सांगत फिरली का सुईनं कोणी मरत नाही. तिच्याच मयतीत तिले खोटी नका पाडू." अन् मले त्या पोराच्या पायावर पडावंसं वाटलं. त्याले पहिली सुई म्याच देलती. तू तवा भिंतीकडं तोंड करून उभी होती.

घरी आलेल्या डॉक्टरनं सलीमले सांगतलं होतं, हृदयाचं दुखणं आहे, आजचं नाही, पंधरा-वीस दिवसापासून त्रास असंन. तुही सून मले म्हणे, "अम्मी जिन्यात दोनदा बसे. इचारलं तं म्हणे, कापसाची धूळ जाते छातीत."

धूळ! तीस वर्षं त्या धुळीत काढले तू, कधी शिंकली नाही.

मले तुहा इतका राग आला, हमीदा, का म्या आत जाऊन तुह्या पलंगाच्या रिकाम्या गादीवर एक बुक्की मारली. काहून नाही सांगतलं मले? मी कोण होती तुही? मोहल्ल्यातल्या कोणत्या बाईची पाळी चुकली, कोणाचा नवरा मारते, कोणाच्या लेकराचं वजन नाही वाढत, सगळं मले सांगे तू. अन् स्वतःच्या छातीचं नाही सांगतलं! ते आपलं भांडण तूच जिंकली मंग. 'नाही दुखत' म्हटलं, अन् मी लेकरावानी इस्वास ठेवून मोकळी झाली.

असा राग करत करत आठ दिवस काढले. राग बरा असते. राग आहे तोवर दुसरं काही पाहा लागत नाही.

काल संध्याकाळी रऊफभाई आले.

हजले जायच्या आधी तुमच्यात ओळखीच्या सगळ्याइच्या घरी जाऊन माफी मागतात, हे मले नवं नाही. दरवर्षी कोणी ना कोणी माह्या दारात येते. "कहा-सुना माफ करा" म्हणते, मी पाणी देते, "सुखरूप जाऊन या" म्हणते. रीत आहे, कोणी त्याच्यात जास्त जीव घालत नाही. म्हणून म्या रऊफभाईले बी तसंच म्हटलं. ते म्हणे, "सिस्टर, मी शुक्रवारी निघून राह्यलो. सलीम म्हणे, अब्बा, तुम्ही जा, अम्मीसाठी बी तिथं तुम्हीच मागा. तं काही कमी-जास्त बोललो असंन तं माफ करा." म्या म्हटलं, "काहीच नाही रऊफभाई. जाऊन या."

ते हलले नाही. टोपी काढून हातात घेतली. "असं नका म्हणू. पहिले ऐका, मंग माफ करायचं का नाही ते तुम्ही ठरवा."

खुर्ची देली तं बसले नाही. उंबऱ्याच्या पायरीवर बसले, माह्याकडं पाठ करून, रस्त्याकडं पाहत बोलले.

"त्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो ना, ती मले म्हणे, सिस्टरले सांगून टाकते. म्हणे, पंधरा दिवसापासून छाती दाबून येते, जिना चढवत नाही. सिस्टर रागावंन, पण समजून घेईन. असं म्हणून उठली बी होती. म्या तिचा हात धरला अन् खाली बसवलं. म्हटलं, येडी झाली काय? आता सांगतलं तं नाव कापतीन. दोन साल हुकला नंबर. जाऊन येऊ, मंग नागपूरले मोठ्या डॉक्टरले दाखवू. तरी ती तुमच्याकडंच पाहून राह्यली. तेवढ्यात तुम्ही तिकडून हात करून हसल्या, म्हणे सुईले भेते. मले बरं वाटलं सिस्टर. म्हटलं, चला, निभलं."

रस्त्यानं एक बैलगाडी गेली, ती जाऊ देली त्याइनं. मंग म्हणे, "तिथं जाऊन मी काय मागू? पहिले इथं मागा लागते. तिच्यावर माह्या इतकाच तुमचा बी हक होता."

मले त्या माणसावर हात उचलावा वाटला. पासष्टीचा माणूस, बायको जाऊन आठ दिवस झालेले, दाढी वाढलेली, अन् मले त्याले पायरीवरून ढकलून द्यावंसं वाटलं. तू सांगणार होती! तू मले फसवलं नाही. तू उठली होती माह्याकडं याले. आठ दिवस म्या तुह्यावर राग धरला, तो फुकटच होता.

अन् त्याच्या मांगून आणखी एक आलं, ते सांगाले मले लाज वाटते, पण तुह्यापासून काय लपवू? मले सुटल्यासारखं वाटलं. छातीवरचा दगड कोणी उचलून त्या माणसाच्या मांडीवर ठेवावा, तसं. म्हटलं, म्हणजे मी नाही. हा आहे.

म्या म्हटलं, "रऊफभाई, माफ केलं. माह्याकडून बी अन् तिच्याकडून बी. मनात काही ठेवू नका. जाऊन या."

तुले न इचारता म्या तुह्या वाट्याची माफी देऊन टाकली. राग आला असंन तं येऊ दे. ते रडले. टोपीत तोंड घालून रडले. म्या त्याइच्या पाठीवर हात ठेवला, मोठ्या मनाची बाई होऊन. उठताना त्याइनं रीतीप्रमाणं इचारलं, "तुमचं बी काही असंन तं सांगून टाका सिस्टर. मी माफ करून जातो." माह्यासमोर उभे होते. वाट पाहून राह्यले होते.

म्या म्हटलं, "नाही, माहं काही नाही."

हमीदा, त्याइले इसीजीचं माहीत नाही. डॉक्टर बोलले तवा ते माणसाइच्या लाइनीत होते. ते समजतात का बीपी वाढला, दहा मिनिट बसवलं, एवढंच झालं. तुले पलीकडं पाठवून राह्यले होते, हे तुह्या घरच्या कोणालेच माहीत नाही. रस्ता ओलांडायचा होता नुसता. तू गेली असती. कागद काढा म्हटलं तं कागद काढे तू, अंगठा द्या म्हटलं तं अंगठा दे. सरकारी माणसाले उलटून बोलणं तुह्या रक्तात नव्हतं. रऊफभाईनं तुहा हात धरला तो नंतर. पहिले म्या धरला. अन् त्याइले निदान भेव होतं, नाव कापलं जाईन म्हणून. मले कशाचं भेव होतं? काहीच नाही. मी तुले ओळखत होती, एवढंच. इतकी ओळखत होती का तुह्याकडं पाह्यलंच नाही. दुसरी कोणी अनोळखी बाई त्या खुर्चीत तशी घामानं भिजलेली असती, तं म्या स्वतः तिचा हात धरून पलीकडं नेलं असतं.

तो माणूस सगळं सांगून माह्या दारातून रिकामा होऊन गेला. मी सगळं भरून ठेवून, वरून त्यालेच माफी देऊन बसली.

काल ते गेल्यापासून मले त्याइची पाठ दिसून राह्यली, पायरीवरची. पोलिओच्या रविवारी एकही घर सुटू देत नव्हतो आपण, आठवते? संध्याकाळ झाली तरी, पाय दुखले तरी. एका घरासाठी तू मले परत पार वेशीपर्यंत चालवलं होतं. तू असती तं आज मले पायात चप्पल बी घालू देली नसती, तशीच हात धरून रऊफभाईकडं नेलं असतं.

आज बुधवार. त्याइची गाडी परवा पहाटेची. उद्या सकाळी ड्युटीवर जायच्या आधी मी तुह्या घरी जाते. हे कागद सलीमसाठी आहेत, ते मंग देईन. रऊफभाईले मी तोंडानं सांगते. डॉक्टर काय म्हणाले ते, अन् मी काय म्हणाली ते, जसंच्या तसं. माफ केलं तं केलं. नाही केलं तं त्या माणसाचा हक आहे तो. 'तुमच्यामुळं गेली' म्हणून ओरडले, सलीमनं दार लावलं, तरी मी ऐकून घेईन. पण ते तिथं जाऊन सगळा दोष आपल्या एकट्याच्या डोक्यावर घेऊन उभे राहतीन, अन् मी इथं लेकराइले सुया देत बसीन, असं नाही व्हायचं.

आठ वाजता येते. खालचं दुकान बंद असंन, जिन्यानं वर येईन, कडी वाजवीन. रऊफभाई दार उघडतीन. तू नाही उघडणार. हे मले अजून बी समजून नाही राह्यलं, हमीदा.